'मॅड सायंटिस्ट'ला मराठीत वेडा म्हणावं का?

इस्लामपूरच्या एका शिक्षिका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी छोटं नाटक लिहीत आहेत. त्यात एका पडक्या बंगल्यात कोंडून घेऊन मेलेले प्राणी जिवंत करू पाहणारा माणूस आहे. इंग्रजीत अशा पात्राला 'मॅड सायंटिस्ट' म्हणून मोकळं होतात. मराठीत 'वेडा शास्त्रज्ञ' म्हटलं की तालमीत पोरं हसतात, 'विक्षिप्त शास्त्रज्ञ' म्हटलं तर कुणाला भीतीच वाटत नाही. मग म्हणायचं काय, असा त्यांचा प्रश्न.

पोरं हसणारच हो मॅडम. मराठीत वेडाला भितं कोण? वेडाचं आपल्याला कौतुकच फार. खटाव तालुक्यातल्या भोसऱ्याचे प्रतापराव गुजर १६७४ साली सहा जणांनिशी नेसरीला बहलोलखानावर तुटून पडले, ते आपण 'वेडात' म्हणतो आणि म्हणताना छाती फुगते. ध्येयवेडा, नाट्यवेडा ही तर सत्कारसमारंभातली विशेषणं. आई पोराला 'वेडा कुठला!' म्हणते तेव्हा ते लाडच असतात. आणि आपल्या सांगली-कोल्हापूरकडचं 'नादखुळा' घ्या. बैलगाड्याचा नाद, कुस्तीचा नाद, त्या नादापायी खुळा झालेला तो नादखुळा. आता तर काहीही झकास दिसलं की तोंडातून 'नाद खुळा!' असंच निघतं. तुमच्या पात्राला हे विशेषण दिलंत तर पोरं शिट्ट्या मारतील.

अपवाद एकच आठवतो, वेडा महंमद. तुघलक मोठा विद्वान, हातात अख्खं राज्य, आणि १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवून त्याने लोकांचे हाल हाल केले. विद्या, सत्ता आणि इतरांच्या जिवाची बेफिकिरी हे तिन्ही तिथे एकत्र आहे. पण ते 'वेडा' त्या एका नावालाच इतकं चिकटलंय की उचलून दुसरीकडे लावता येत नाही.

'विक्षिप्त'बद्दल माझी तक्रार वेगळी आहे. तो भित्रा शब्द आहे हे खरं, पण इथे तो चुकीचाही आहे. 'क्षिप्' म्हणजे फेकणे. विक्षिप्त म्हणजे इतस्ततः फेकलेलं, विखुरलेलं. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. विक्षिप्त चित्त मधूनच स्थिरावतं आणि पुन्हा भरकटतं. तुमच्या शास्त्रज्ञाचं चित्त कुठे भरकटतंय? तो तर नको इतका एकाग्र झालाय. जेवणाचं ताट दाराशी गार होतं आणि याचं लक्ष परातीतल्या बेडकावर. मराठीतला विक्षिप्त माणूस भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळतो, पत्रिका मिळूनही लग्नाला जात नाही आणि न बोलावलेल्या मुंजीत जेवून येतो. त्याच्यापासून धोका कुणालाच नसतो.

'चक्रम' आणि 'तऱ्हेवाईक' विनोदी पात्राला छान. 'माथेफिरू' जवळ येतो, पण बातम्यांनी तो पार वापरून टाकलाय. रातोरात गल्लीतल्या दुचाक्या पेटवून देणारा तो माथेफिरू. त्याच्या कृत्याला कारण सापडत नाही, म्हणून तर तो शब्द वापरतात. शास्त्रज्ञाकडे मात्र कारणांची वही भरलेली असते.

या पात्राचा मूळपुरुष पाहिला की शब्द सापडतो, असं मला वाटतं. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीतला व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन डॉक्टर नाही, इंगोलस्टाटच्या विद्यापीठातला विद्यार्थी आहे. (फ्रँकेनस्टाइन हे नाव राक्षसाचंही नाही. राक्षसाला बिचाऱ्याला नावच नाही. नाटकात एवढं सांभाळा.) पोरवयात तो अग्रिप्पा, पॅरासेल्सस यांच्या किमयागारीच्या पोथ्या वाचतो, मग विद्यापीठात रसायनशास्त्र शिकतो, आणि पुढे मढ्यांच्या तळघरांतून हाडं गोळा करतो, शवविच्छेदनाच्या खोलीतून आणि कत्तलखान्यातून सामान आणतो. म्हणजे अर्धा रसायनशास्त्रज्ञ, अर्धा मांत्रिक. एच. जी. वेल्सच्या १८९६ च्या कादंबरीतला डॉक्टर मोरो घ्या. तो तर शांतपणे, मुद्देसूद बोलतो आणि जिवंत जनावरं कापून त्यांची माणसं घडवत बसतो. त्याला वेडा म्हणणं म्हणजे त्याला सूट देणं झालं.

अशा माणसाच्या उद्योगाला आपल्या आज्या एकच शब्द वापरतील: अघोरी. 'असले अघोरी प्रकार इथं चालायचे नाहीत.' मुळात अघोर म्हणजे जो घोर नाही तो, शिवाचं सौम्य रूप. अघोरपंथी साधूंच्या स्मशानातल्या साधनेमुळे शब्दाचा अर्थ पार उलटला. साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचलं, तो त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झाला. त्याच्या लांबलचक नावातही 'अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा' असे शब्द आहेत. विज्ञानाच्या बाजूने लढणाऱ्यांनी बुवाबाजीवर उगारलेला शब्द नाटकात एका शास्त्रज्ञावर उलटावा, यातली गंमत मला आवडते. शास्त्रज्ञ हा शब्द ऐकला की आपोआप आदर वाटतो. शेजारी 'अघोरी' बसला की तो आदर अडखळतो, आणि तुम्हाला हवी असलेली भीती तिथेच आहे.

सांगलीच्या खाडिलकरांनी १९१३ मध्ये 'विद्याहरण'मध्ये रंगमंचावर आणलेला शुक्राचार्यही मेलेल्यांना उठवणाराच. पण संजीवनीसाठी त्याला वेडा कुणी म्हटलं नाही. त्याचा घात केला तो मद्याने.

तर पाटीवर आणि निवेदनात 'अघोरी शास्त्रज्ञ' लिहा. संवादात मात्र नको. गावातला गडी असं बोलणार नाही. तो बंगल्याकडे बोट दाखवून म्हणेल, 'त्या सायबाचं डोस्कं फिरलंय. रातच्याला तिकडं जाऊ नगासा.'