ठाण्यात फ्लॅटमध्ये रात्री इलेक्ट्रिक गिटारच्या सरावाला फेंडर मस्टँग मायक्रो पुरेल का?
सरावासाठी हा छोटा हेडफोन अ‍ॅम्प बिनधास्त घ्या. घोडबंदर रोडच्या सोसायटीत रात्री अकराला खरा अ‍ॅम्प लावणं शक्यच नाही. हा गिटारच्या जॅकमध्येच खोचायचा, वायरचे हेडफोन लावायचे, झालं. 12 अ‍ॅम्पचे आवाज आणि 12 इफेक्ट मिळतात, फोनवरचं गाणं ब्लूटूथने आत येतं, यूएसबीवरून रेकॉर्डिंगही होतं.

ब्लूटूथ हेडफोन चालत नाहीत, आणि ते बरंच आहे: तार छेडल्यावर आवाज किंचित जरी उशिरा आला तरी लय सुटते.

मला खटकतं ते वेगळंच. मोठ्या खटपटीने जमवलेला टोन यात साठवता येत नाही. स्क्रीन नसल्यामुळे दिव्याच्या रंगावरून अ‍ॅम्प ओळखावा लागतो. हे नको असेल तर थोडे जास्त पैसे टाकून ‘मस्टँग मायक्रो प्लस’ घ्या, त्यात स्क्रीन आणि प्रीसेट (साठवून ठेवायचे टोन) दोन्ही आहेत. साध्या मायक्रोची बॅटरी 6 तासांपर्यंत चालते. बँडसोबत स्टेजवर वाजवणार असाल तर मात्र फूटस्विचवाला मॉडेलरच (पायाने बटण दाबून अ‍ॅम्प-इफेक्टचे आवाज बदलायचं यंत्र) बघा.