'करंट कमी, म्हणून फोटो पांढरा' : यातला करंट कोणता?

प्रश्न निपाणीहून आहे. विचारणारे एक्स-रे तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम शिकताहेत. जुन्या यंत्रावरची मंडळी म्हणतात, 'करंट कमी होता, म्हणून फोटो पांढरा आला.' पुस्तकात मात्र विद्युतदाब वेगळा आणि विद्युतधारा वेगळी. मग हा करंट म्हणजे दोन्हींपैकी कोणता?

आपल्या भागात करंट म्हणजे सगळी वीजच. पुण्याकडे लाईट जाते, इकडे करंटही जातो. शेजारचा कन्नड माणूस 'करंट होतु' म्हणतो. घरात एवढं पुरतं. एक्स-रेच्या खोलीत पुरत नाही, कारण तिथं विजेची कामं दोन आहेत. नळीतला टंगस्टनचा तंतू तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. ते किती सुटले हे धारा सांगते, मिलिअँपिअरमध्ये. धारेला सेकंदांनी गुणलं की एमएएस. हे इलेक्ट्रॉन समोरच्या धनाग्रावर (अ‍ॅनोडवर) आदळले की एक्स-रे किरण निघतात; किती जोरानं आदळले हे दाबावर ठरतं, किलोव्होल्टमध्ये, म्हणजे केव्ही. जोर जास्त तेवढे किरण अंगातून आरपार जाणारे. बोलताना केव्ही आणि एमएएस हेच राहू द्यावं. समजावून सांगताना 'दाब' आणि 'धारा' फार चांगले शब्द आहेत.

आता 'पांढरा'. कॅमेऱ्याची सवय असलेल्याला पांढरं म्हणजे उजेड जास्त असं वाटतं. इथं उलट: जिथं किरण पोचलेच नाहीत, तिथं फिल्म पांढरी राहते. ही खरोखरची सावली. 'छायाचित्र' हा शब्द कॅमेऱ्यापेक्षा एक्स-रेलाच जास्त शोभतो.

पांढरेपणाची कारणं दोन, आणि ती फिल्मवरच ओळखता येतात. छातीच्या फोटोत हृदयाच्या सावलीमागे मणके अंधुक दिसायला हवेत. फुप्फुसं पुरेशी काळी, पण हृदयामागचा भाग कोरा पांढरा असेल तर केव्ही कमी. फुप्फुसांसकट सगळंच सारखं फिकं असेल तर एमएएस कमी. डिजिटलवर ही खूण फसवते, कारण संगणक उजळपणा आपणच जुळवून घेतो. तिथं एमएएस कमी पडला की चित्र रवाळ दिसतं. कारण न ओळखता दुसरा फोटो काढला, तर रुग्णाला किरणांचा मारा फुकट. एमएएस कमी असेल तर तो दुप्पट करावा. केव्ही कमी असेल तर १५ टक्के वाढवावा, म्हणजे ७० चा ८०. फिल्मवरचा काळेपणा तेवढ्यानंही साधारण एमएएस दुप्पट केल्याइतकाच वाढतो.

तरी जुन्या मंडळींना चूक म्हणता येणार नाही. लाईनचा दाब उतरला की केव्ही तर घटतोच, शिवाय तंतू कमी तापतो. तंतूचा दाब ५ टक्क्यांनी घटला तर नळीतली धारा २० ते ३० टक्क्यांनी घटू शकते. म्हणजे दोन्ही एकदम पडतात, आणि त्या वेळी 'करंट कमी' हे मोघम वाक्यच खरं ठरतं. म्हणून तर जुन्या यंत्रावर फोटोआधी लाईनच्या मीटरचा काटा खुणेवर आणून घेतात. नव्या यंत्रांत हे आतल्या आत सांभाळलं जातं. दाब फारच उतरला तर ती फोटो न काढता चूक दाखवतात.

रजिस्टरमध्ये मात्र 'करंट कमी' लिहू नका. 'लाईनचा दाब कमी', 'केव्ही कमी', 'एमएएस कमी' यांपैकी जे असेल ते लिहा. दुरुस्तीला येणारा माणूस पहिल्या नोंदीवर मीटर आणि वायरिंग बघेल, तिसरीवर तंतूचं सर्किट आणि टायमर.