वाचकांचे प्रश्न : गरोदरपणातील साखर आणि घरची ऐपत

प्रश्न : आमच्या उपकेंद्रात दोन गरोदर स्त्रियांची साखर वाढलेली निघाली. दोघीही अंगाने बारीक, दोघींच्या घरी गोडधोड केवळ सणावारी होते. हा श्रीमंतांचा आजार आहे, यंत्रच चुकले असेल, असे गावात बोलले जाते. दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतील आणि आणखी काही जणींची दुसरी तपासणी नेमकी त्याच काळात येते. मी त्यांना काय सांगावे? (एक आशा सेविका, बीड जिल्हा)

उत्तर : तपासणीची पद्धत पाळली गेली असेल, तर यंत्रावर शंका घेऊ नका. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यायला द्यायचे आणि दोन तासांनी रक्तातील साखर १४० किंवा त्याहून अधिक आली, तर गरोदरपणातील मधुमेह आहे असे धरायचे. त्याआधी स्त्रीने काही खाल्ले आहे की नाही, हे पाहावे लागत नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर मात्र तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांचे सहकारी यांनी ही पद्धत आग्रहाने पुढे आणली. तिचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण असा की, उपाशीपोटी एस.टी.चा प्रवास करून तालुक्याला जाणे जिला जमणार नाही, तिचीही तपासणी गावात होऊ शकते.

बारीक अंगाच्या, गोड न खाणाऱ्या स्त्रीला हा आजार का होतो, याचे उत्तर केवळ तिच्या आजच्या ताटात सापडत नाही. ते पुष्कळदा तिच्या आईच्या गरोदरपणापर्यंत मागे जाते. गरोदरपणाच्या मध्यानंतर वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्शुलिनचा, म्हणजे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या द्रव्याचा, प्रभाव कमी करतात, त्यामुळे ते बनवणाऱ्या स्वादुपिंडाला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक इन्शुलिन तयार करावे लागते. बहुतेक स्त्रियांचे शरीर हा भार पेलते. परंतु जी मुलगी स्वतः आईच्या पोटात असताना अर्धपोटी वाढली, तिच्या स्वादुपिंडाची ही क्षमता मुळातच तोकडी असू शकते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पुण्याची बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानाने बरीच राखली होती. स्नायू कमी आणि चरबी अधिक, अशी ही ठेवण पुढे मधुमेहाला अनुकूल ठरते. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जी उपासमार झाली, त्या काळात गर्भात असलेल्या माणसांमध्येही प्रौढपणी साखर पेलण्याची शक्ती कमी आढळली. उंचीने कमी असलेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातील मधुमेह अधिक दिसतो, तोही याच कारणाशी जोडलेला आहे, कारण बालपणी मिळालेले अन्न आणि सोसलेली आजारपणे यांचा परिणाम उंचीवर उरतो. म्हणून गावात कोणी विचारले, तर ठामपणे सांगा की हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचाच आजार नाही, आणि त्या दोघींनी काही चूक केली म्हणून तो झालेला नाही.

आता ऊसतोडीविषयी. पहिली तपासणी नोंदणीच्या वेळी आणि ती चांगली आली, तर दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करायची असते. दोन्हींत किमान चार आठवड्यांचे अंतर हवे. टोळी निघण्यापूर्वी ज्यांचे २४ आठवडे भरतात, त्यांची दुसरी तपासणी गावातच उरकून घ्या. इतरांच्या माता-बाल संरक्षण कार्डावर तपासणीची तारीख ठळक लिहा, कार्ड सोबत न्यायला सांगा, आणि टोळी कोणत्या कारखान्याच्या हद्दीत उतरणार आहे ते मुकादमाकडून समजून घेऊन तेथील आरोग्य केंद्राला कळवा. ज्या दोघींचे निदान झाले आहे, त्यांच्या बाबतीत दोन आठवडे आहार सांभाळूनही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० किंवा त्याहून अधिक राहिली, तर मेटफॉर्मिनच्या गोळ्या किंवा इन्शुलिनची इंजेक्शने सुरू करावी लागतात. कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, फ्रीज नसतो. इन्शुलिन पाण्याच्या मडक्याजवळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात थंड ठेवता येते. इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी मोळ्या उचलणे धोक्याचे आहे, त्यामुळे अशा स्त्रीने शक्यतो गावीच थांबावे. ते शक्य नसेल, तर साखर किंवा गूळ सतत जवळ बाळगावा आणि घाम सुटून हातपाय थरथरू लागताच लगेच खावा.

हे सारे लिहिताना मला जाणीव आहे की, ज्या कोयत्याने (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीने) उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली आहे त्याला दवाखान्यात गेलेला दिवसही खाडा, म्हणजे दंडाची गैरहजेरी, म्हणून मोजला जातो. तपासणी फुकट असली तरी तो दिवस फुकट नसतो. कारखान्यांनी हंगामात तळावरच ही तपासणी करून द्यावी आणि त्या दिवसाचा खाडा लावू नये, ही मागणी तुम्ही आणि तुमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक यांनी लेखी करावी, असे मी आवर्जून सुचवते.

प्रश्न : शहरांत गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण खेड्यांपेक्षा जास्त असते, असे मी वाचले आहे. मग गरिबीला दोष देण्यात काय अर्थ? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. तमिळनाडूत डॉ. शेषय्या यांच्या गटाने केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण शहरात १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ टक्के आणि खेड्यांत ९.९ टक्के आढळले. याउलट, नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील अभ्यासात कमी शिकलेल्या स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक दिसले आणि त्यातील बराच भाग त्यांच्या जास्त वजनाशी निगडित होता. श्रीमंत देशांत स्वस्त मिळते ते साखर-मैद्याचे अन्न गरिबांच्या वाट्याला येते. आपल्याकडे त्याच दिशेने बदल चालू आहे, फक्त तो उशिरा सुरू झाला.

खेड्यातील ९.९ टक्के हा आकडा मी लहान मानत नाही. शिवाय शहर म्हणजे केवळ सुखवस्तू घरे नव्हेत. लहानपणी कमी खाऊन वाढलेली मुलगी लग्न होऊन मुंबई-पुण्याच्या वस्तीत येते, चालणे कमी होते, चहा-बिस्किटे आणि वडापाव यांवर दुपार निघते, वजन थोडेसेच वाढते, आणि तेवढ्यानेही तिच्या तोकड्या स्वादुपिंडाला भार पेलवेनासा होतो. आधीची कमतरता आणि नंतरची चुकीची भर, या दोहोंची गाठ तिच्या शरीरात पडते. त्यामुळे शहर की खेडे, यापेक्षा तिला वयाच्या कोणत्या टप्प्यावर काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

प्रश्न : माझ्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींच्या सुनेला सातव्या महिन्यात हे निदान झाले. तिला दिलेल्या आहारपत्रकात ओट्स, पनीर, सफरचंद, बदाम असे पदार्थ आहेत. घरातील सगळे तिलाच बोल लावतात. मी काय मदत करू शकते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ते पत्रक बाजूला ठेवले तरी चालेल, आहार मात्र सांभाळायलाच हवा. भाताचा ढीग कमी करून ज्वारी किंवा बाजरीची भाकरी, घट्ट वरण, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, चालत असल्यास अंडे, मेथी-शेपूसारखी पालेभाजी, ताक आणि मूठभर शेंगदाणे, एवढ्यावर चांगला आहार उभा राहतो. तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, अशी विभागणी करावी. चहातील साखर, खारी, टोस्ट आणि बिस्किटे थांबवावीत. साखर वाढली म्हणून तिला अर्धपोटी ठेवले जात असेल, तर ते आधी बंद करा, कारण त्यातून पोटातील बाळाच्या वाट्याला पुन्हा तीच उपासमार येते. दोन जिवांची आहे म्हणून दुप्पट खाण्याची गरज नाही, आणि डिंकाचे लाडू सध्या नकोत.

साध्या अन्नाने किती फरक पडतो, याचा पुरावा मुंबईच्या झोपडपट्ट्यांतच मिळाला आहे. तेथील स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ देण्यात आला, तर दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गरोदरपणातील मधुमेह पहिल्या गटात सुमारे ७ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे १२ टक्के स्त्रियांना झाला. हे उपदेशाने घडले नाही. रोज हातात अन्न दिल्याने घडले.

तुम्ही करू शकाल ती मदत अशी : मावशी सुनेबरोबर दवाखान्यात जातील, त्या दिवसाचा पगार कापू नका, डाळ, अंडी आणि शेंगदाणे यांचा महिन्याचा खर्च उचलता आला तर उचला, पहिलेच बाळंतपण असेल, तर प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेच्या ५,००० रुपयांचा अर्ज भरायला मदत करा. घरच्यांना एकदा बसवून सांगा की हा तिचा दोष नाही. तुमचे म्हणणे ते कदाचित ऐकतील.

बाळंतपणानंतर साखर बहुधा पूर्ववत होते आणि तेथेच विषय सोडला जातो, हे मला फार खटकते. ज्यांना हा त्रास झाला, त्यांना पुढील आयुष्यात मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या मानाने साधारण सात ते दहापट असतो. म्हणून सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करावी आणि पुढे दरवर्षी साखर पाहावी. बाळाची सहाव्या आठवड्याची लसही त्याच सुमारास असते, तेव्हा आईची तपासणी त्याच दिवशी, त्याच केंद्रात करून मागा, म्हणजे तिला रजेसाठी आणखी एक दिवस मोडावा लागणार नाही.