नायट्रो इंधनावर चालणाऱ्या आरसी (रिमोट कंट्रोल) बग्गीसाठी स्वस्तातली टेम्परेचर गन कोणती घ्यावी? घरातली ताप मोजायची गन चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: नाही चालणार. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेली ती कपाळावर धरायची गन साधारण 32 ते 43 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात काम करते. नायट्रो इंजिनाचं हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) व्यवस्थित पळताना 100 ते 125 अंशांच्या घरात असतं. तिथे ती बिचारी ‘हाय’ दाखवून मोकळी होईल. काहींत सरफेस मोड असतो, पण तोही आपल्याला हवं तिथपर्यंत पोचत नाही.

आता पहिला प्रश्न. 1/8 (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाची) बग्गी, 21 साइझचं (0.21 घन इंचाचं) इंजिन आणि हजार-दीड हजाराचं बजेट, असं तुम्ही लिहिलंय. भरपूर झालं. एसी मेकॅनिक आणि कारखान्यातले मेंटेनन्सवाले वापरतात ती साधी इन्फ्रारेड गन घ्या. आरसीचं लेबल लावून विकतात तिच्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. जीएम320 नावाची गन ऑनलाइन सगळीकडे दिसते, उणे 50 ते 380 अंशांची. तसलीच गन दहा वेगळ्या नावांनीही मिळते. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत विचारा, हातात घेऊन बघता येईल.

रेंज 380 की 550, डेसिमल एक की दोन, याकडे बघूच नका. स्वस्त गनही दोनेक टक्के इकडेतिकडे दाखवते, म्हणजे 110 ला फार तर दोन-अडीच अंशांचा फरक. तेवढ्याने आपलं काही अडत नाही. खोक्यावर बघायच्या गोष्टी दोनच. एक, एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती बाहेर टाकतो तो आकडा, बदलता येते का. एकाच मॉडेलच्या काही गनमध्ये ती 0.95 वर कायमची बांधलेली असते, काहींत बदलता येते. थोडे जास्त पडले तरी बदलता येणारी घ्या. दुसरं, अंतर आणि वर्तुळाचं गुणोत्तर. 12:1 म्हणजे 30 सेंटिमीटरवरून धरली तर गन अडीच सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी सांगते. 8:1 असेल तर तेच वर्तुळ पावणेचार सेंटिमीटरचं होतं, म्हणजे जवळपास अख्खं हेड त्यात आलं.

आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. गन ठीक असते, नेम चुकतो. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फारशी बाहेर सोडत नाही, आजूबाजूचीच परावर्तित करतं. त्यामुळे फिनवर (हेडवरच्या थंडाव्याच्या पाकळ्यांवर) धरलेली गन 75-80 दाखवते आणि आपण खूश होऊन नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, आणखी आवळतो आणि इंधन कमी करतो. तीच गन वरून सरळ ग्लो प्लगच्या (हेडच्या मधोमध बसवलेल्या, इंधन पेटवणाऱ्या प्लगच्या) खड्ड्यात रोखा, आकडा 110 च्या पुढे जाईल. फिन मुळात थंड असतातच, पण शिवाय प्लगच्या आजूबाजूचा भाग तेल-काजळीने काळपट झालेला आणि खोलगट असतो, म्हणून तिथलं रीडिंग खऱ्याच्या बरंच जवळ येतं. हेड अगदी नवं आणि चमकतं असेल तर प्लगच्या बाजूला उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा ठिपका द्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्प्रे मिळतो तो चालतो. नंतर कायम तिथेच नेम.

गन तीन-चार सेंटिमीटरवर न्या. मात्र लेझरचा ठिपका भिंगाच्या वर किंवा खाली बसवलेला असतो, त्यामुळे इतक्या जवळून ठिपका एकीकडे आणि मोजमाप दुसरीकडे होतं. लेझर सोडा, भिंग प्लगसमोर आणा. बॉडी न काढता विंडशील्डमधून मोजायचा मोह होईल. लेक्सानमधून, म्हणजे बॉडीच्या पारदर्शक प्लास्टिकमधून, आपल्याला दिसतं, गनला दिसत नाही. ती प्लास्टिकचंच तापमान सांगते.

रीडिंग गाडी सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटलने काढल्यावर लगेच घ्या. गाडी थांबली की वारा लागायचा बंद होतो आणि हेड आधी आणखी तापतं, मग निवतं. दर वेळी तितक्याच सेकंदांनी मोजलं तरच कालच्या आकड्याशी आजचा आकडा जुळवून बघता येतो. परदेशी व्हिडिओंत 220-250 ऐकून घाबरू नका, ते फॅरनहाइट आहे, म्हणजे आपले 105 ते 121. 270 फॅरनहाइट, म्हणजे 132 च्या वर आकडा गेला तर गाडी थांबवा आणि हाय स्पीड नीडल (पूर्ण थ्रॉटलचं इंधन ठरवणारी) थोडी सोडा. आकड्यासाठी ट्यूनिंग करू नका, एवढं मात्र माझं ठाम मत आहे. सायलेन्सरमधून निळसर धुराची रेघ येत राहिली पाहिजे. 105 ला धूर गायब असेल तर इंजिन लीनच आहे (इंधन कमी पडतंय), गन काहीही म्हणो. नागपूरच्या मे महिन्यात आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरात एकाच सेटिंगला आकडे वेगळेच येणार.

गन आणल्यावर वाडगाभर कुटलेला बर्फ थोड्या पाण्यात ढवळा आणि पृष्ठभागावर रोखा. शून्याच्या आसपास दोन अंशांत आली तर ठेवा, नाही तर परत करा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतून काढून लगेच वापरू नका, वीसेक मिनिटं सावलीत ठेवा. भिंगावर एक्झॉस्टचं तेल उडतं, ते मऊ कापडाने पुसत चला.

के-टाइप प्रोब (तापमान मोजणारी तार) लागणारा मल्टिमीटर घरात असेल तर प्रोबचं टोक प्लगच्या बुडाशी टेकवून एकदा गनशी ताडून बघा.

इंजिन नवंकोरं असेल तर गन पहिल्या टाकीपासूनच हाताशी ठेवा. ब्रेक-इनमध्ये (नवं इंजिन रुळवताना) लोक भीतीपोटी इतकं रिच, म्हणजे जास्त इंधनावर, ठेवतात की हेड 70 च्या वर जातच नाही. स्लीव्ह (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) वरच्या बाजूला मुद्दाम अरुंद केलेली असते, ती तापून फुगल्याशिवाय पिस्टनला जागा मिळत नाही, आणि थंड इंजिनात दोन्ही विनाकारण घासतात. 90-95 च्या वर जाऊ द्या. थंडीच्या दिवसांत जात नसेल तर हेडच्या फिनना अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, फक्त प्लगची जागा उघडी ठेवा.