बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'रॅबिट मोनोक्लोनल' का लिहितात? उंदीर सोडून ससाच का?

तुमच्या मावशीच्या स्तनातल्या गाठीच्या रिपोर्टमध्ये ईआर आणि हर-टू (गाठीत तपासतात ती दोन प्रथिनं) यांच्यापुढे 'रॅबिट मोनोक्लोनल' लिहिलंय. सशाचा इथे काय संबंध, उंदराऐवजी ससाच का, आणि दर तपासणीसाठी ससा मारतात का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. मी नागपूरला धंतोलीतल्या एका लॅबमध्ये आयएचसीच्या, म्हणजे अँटिबॉडी वापरून रंगवलेल्या स्लाइड्स बघते, त्यामुळे या अँटिबॉडींच्या बाटल्या रोज हाताखालून जातात.

आधी काळजीचं. त्या दोन शब्दांचा मावशीच्या आजाराशी काही संबंध नाही. गाठीच्या पेशींवर एखादं प्रथिन आहे की नाही, हे शोधायला आम्ही गाठीच्या पातळ कापावर अँटिबॉडी टाकतो. ती प्रथिनाला चिकटली की पुढच्या रसायनांनी तिथे तपकिरी रंग येतो. ही अँटिबॉडी मुळात कोणत्या प्राण्याकडून मिळाली, आणि ती एकाच पेशीच्या वंशातली एकसारखी (मोनोक्लोनल) आहे, एवढंच ते शब्द सांगतात. ईआरसाठी एसपी१ आणि हर-टूसाठी ४बी५ हे जगभर वापरले जाणारे क्लोन (अशा अँटिबॉडींचे ठरावीक वाण) सशाचेच आहेत.

आता ससाच का. याचं उत्तर सशाच्या पोटात आहे, आणि मला ते फार आवडतं.

शरीराला कधी न पाहिलेल्या जंतूसाठीही अँटिबॉडी तयार ठेवावी लागते. जनुकं तर मोजकीच, मग एवढे प्रकार येतात कुठून? माणसात आणि उंदरात याचं मुख्य उत्तर जुळवाजुळव हे आहे. अँटिबॉडी जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या प्रथिन-साखळ्यांची बनते. जड साखळीसाठी माणसाकडे व्ही, डी आणि जे अशा तीन गटांतले जनुकांचे तुकडे असतात: साधारण ४० चालू व्ही, वीसेक डी आणि ६ जे. प्रत्येक बी-पेशी (अँटिबॉडी बनवणारी पांढरी पेशी) त्यातून एकेक उचलून जोडते, आणि जोडावर डीएनएची काही अक्षरं कमी-जास्त होतात. सुसुमु टोनेगावा यांनी ही जुळणी दाखवून दिली, त्यासाठी त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं.

सशाकडे व्ही-जनुकं शंभराच्या वर आहेत. तरी ८० ते ९० टक्के बी-पेशी एकच जनुक उचलतात: व्हीएच१, डी-जनुकांच्या सगळ्यात जवळचं. जुळवाजुळवीच्या हिशेबाने बघितलं तर सशाच्या अँटिबॉडी एकसारख्याच निघायला हव्यात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लात जड साखळीचा व्ही-भाग खरोखर जवळजवळ तसाच असतो.

फरक पडतो तो जन्मानंतरच्या काही आठवड्यांत. पिल्लाच्या बी-पेशी आतड्यालगतच्या लसिका ऊतींत, विशेषतः अपेंडिक्समध्ये शिरतात आणि तिथे झपाट्याने वाढतात. वाढताना त्या आपलं जुळलेलं जनुक पुन्हा लिहितात. मागे पडून राहिलेल्या त्या शंभरएक व्ही-जनुकांतले तुकडे व्हीएच१ मध्ये उतरवले जातात. शेजारच्याच्या वहीतली ओळ पाहून आपल्या वहीतली ओळ बदलावी, तसं. शेजारच्याची वही जशीच्या तशी राहते. या नकलेला जीन कन्व्हर्जन म्हणतात. तुकडे देणारी त्यातली बरीच जनुकं स्वतः प्रथिन बनवू न शकणारी, मोडकी आहेत, पण तुकडा देण्यापुरती ती चालतात. शिवाय एकेक अक्षर बदलणारं हायपरम्युटेशनही तिथेच चालू असतं. दोन्ही कामं एआयडी हे एकच एन्झाइम सुरू करतं. दोनेक महिन्यांच्या सशात बदल न झालेलं जनुक शोधूनच काढावं लागतं. कोंबडीतही अशीच नक्कल चालते, पण बर्सा नावाच्या पिशवीत.

सशाचं अपेंडिक्स गवत पचवायला असतं, एवढंच आपल्याला शाळेत शिकवतात. माझ्या मते हे अर्धवट शिकवणं आहे. पिल्लाच्या वयात तो अँटिबॉडींचा कारखाना असतो, आणि तो आतड्यातल्या जिवाणूंशिवाय चालत नाही. शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठात कॅथरीन नाइट यांच्या गटाने नवजात पिल्लांच्या अपेंडिक्सचं तोंड बांधून टाकलं, म्हणजे जिवाणू आत जाऊच नयेत. त्या पिल्लांत जनुकांचा बदल फारसा झाला नाही. पुढे त्यांनी ठरावीक जिवाणू आत सोडून पाहिले. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस आणि बॅसिलस सबटिलिस हे दोघं मिळून आले तेव्हा ऊती नीट वाढल्या.

(तुमच्या घरी ससा असेल तर एक सांगते. माणसांचं अमॉक्सिसिलिन त्याला तोंडावाटे कधीही देऊ नका. सशाच्या आतड्यातला जिवाणूंचा तोल त्याने बिघडतो आणि जनावर दगावू शकतं. नागपुरात असाल तर सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात दाखवून आणा.)

एकाच जनुकावर सगळा भार, मग तेच हरवलं तर? तसे ससेही सापडलेत. 'अ‍ॅलिशिया' जातीच्या सशांत डीएनएचा तो तुकडाच गळालेला आहे, व्हीएच१ नाहीच. १९८६ साली त्यांचं वर्णन छापून आलं. लहानपणी त्यांच्या रक्तात नेहमीच्या प्रकारच्या अँटिबॉडी फार कमी असतात. मग बी-पेशी व्हीएच४ सारखं दुसरं जनुक घेतात, तुकडे उतरवत ते हरवलेल्या जनुकासारखं करत नेतात, आणि अशाच पेशी अपेंडिक्समध्ये टिकून वाढतात. वय वाढतं तशी तूट बरीचशी भरून निघते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो परिच्छेद परत परत वाचला होता.

हलक्या साखळीत मात्र सशाला निवडीला बराच वाव आहे, आणि तिचा जंतूला भिडणारा एक भाग उंदरापेक्षा लांब असू शकतो. लस टोचल्यावरही नक्कल आणि अक्षरबदल थांबत नाहीत, ते प्लीहेत आणि लसिका ग्रंथींत पुन्हा सुरू होतात. म्हणून सशाची अँटिबॉडी बहुधा घट्ट चिकटते, आणि उंदीर ज्यांना फारसा जुमानत नाही अशा लहान रेणूंनाही ससा चांगला प्रतिसाद देतो. आम्हाला स्लाइडवर हेच हवं असतं. पेशीत प्रथिन थोडंच असलं तरी रंग स्वच्छ दिसला पाहिजे, कारण हर-टू आहे की नाही यावर औषध ठरतं.

आणि हो, अँटिबॉडीचा अभ्यास सशाशिवाय इतका पुढे आलाच नसता. १९५९ मध्ये रॉडनी पोर्टर यांनी सशाचीच अँटिबॉडी पपईच्या चिकातल्या पपेन एन्झाइमने तोडून तिचे तुकडे वेगळे केले. १९७२ च्या नोबेलमागे ते काम आहे.

आता शेवटचा प्रश्न. दर तपासणीला ससा मारत नाहीत. मोनोक्लोनलसाठी सुरुवातीला सशाला टोचतात, त्याच्या प्लीहेतून किंवा रक्तातून बी-पेशी घेतात आणि हवी ती अँटिबॉडी बनवणारी एक पेशी निवडतात. एकदा तिच्या जनुकांचा क्रम हाती आला की ती अँटिबॉडी पुढे काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींकडून बनवून घेता येते. मावशीच्या रिपोर्टमधल्या अँटिबॉडी याच मोनोक्लोनल प्रकारच्या. पॉलिक्लोनलचं, म्हणजे अनेक पेशींच्या मिश्र अँटिबॉडीचं, वेगळं आहे, ती प्रत्येक खेपेला सशांच्या रक्तातूनच काढावी लागते. किडनी बदलल्यावर शरीराने ती नाकारू नये म्हणून काही रुग्णांना देतात ते अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन असंच सशांकडून येतं.