विंगेतला माणूस का लिहितो?

तुमचा प्रश्न असा: ‘पैसे मिळत नाहीत, वाचणारेही मोजकेच, मग तुम्ही लिहिता कशासाठी?’ खरं सांगायचं तर माझं कारण जरा मत्सराचं आहे.

आमचं गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यात. मास्टर दीनानाथांची मंगेशी याच तालुक्यातली. त्यांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढली, तेव्हापासून इथल्या प्रत्येक गावाला नाटक आपल्या रक्तात आहे असं वाटतं. (नसतं. तालमी बघायला या कधी.) जत्रेला देवळासमोर मराठी नाटक व्हायलाच हवं. एकोणीस वर्षांचा असताना मी प्रॉम्प्टर होतो, म्हणजे नटांना विसरलेली वाक्यं आडून सांगणारा. विंगेत स्टुलावर बसायचं, एका हातात वही, दुसऱ्या हातात बॅटरी.

त्या रात्री नायक होता आमच्या वाड्यावरचा बस ड्रायव्हर. दहा वर्षांनी घरी परतलेला मुलगा. आई विचारते, ‘कसा आलास रे?’ आणि हा गप्प. मान किंचित माझ्याकडे वळली. मी पान उलटायला गेलो, तर आदल्या तालमीला सांडलेल्या चहाने दोन पानं एकमेकांना चिकटलेली. नखाने सोडवायला गेलो तर फाटायला लागली. बाहेर खाजेवाल्याची हाकसुद्धा ऐकू येत होती, इतकी शांतता. घाबरून मी तोंडाला आलं ते पुढे केलं: ‘दार उघडंच होतं, म्हणून आलो.’

त्याने ते म्हटलं. सावकाश, खाली बघत. पुढच्या चटईवरच्या एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर सगळे त्याची पाठ थोपटत होते. ‘ऐनवेळी काय सुचलं बाबा तुला!’ तोही म्हणाला, ‘सुचलं खरं.’ मी भजी खात उभा. त्याच संध्याकाळी नवी वही आणली.

आई घरात विचारायची, ‘कितें बरयता रे?’ काय लिहितोस रे, कोंकणीत. आमच्या घरात भांडण, जेवण, लाड सगळं कोंकणीत. रंगमंचावर रडायचं मात्र मराठीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी वापरात जागा मिळाली, त्यावर लोक अजून तावातावाने बोलतात. मला कुणी ‘मराठीतच का?’ विचारलं की मी विंगेतलं ते स्टूल आठवतो. माझ्या कानात नाटक मराठीतच शिरलं, एवढंच.

मत्सर पुढे विरला. नाव कळावं ही हौस आहेच, नाही कशाला म्हणू. पण आपण अंधारात बसलेलो असताना आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडतं आणि समोरचे हलतात, त्याची चटक वेगळी. गोष्टी लिहितो तेव्हाही मी तेच ऐकायला बघतो, म्हणून सगळं आधी मोठ्याने वाचतो. बायको दुसऱ्या खोलीत जाते.

यंदाच्या जत्रेचं नाटक माझं होतं. बापाच्या भूमिकेत तोच ड्रायव्हर, आता निवृत्त. तिसऱ्या अंकात त्याने माझं एक वाक्य सरळ गाळलं आणि त्या जागी नुसता पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. वहीत मी आता तेवढंच लिहून ठेवलंय.