डॉक्टरांना विचारा : अनोळखी श्वसनसंसर्ग आणि रुग्णालयाची तयारी

प्रश्न : मी हडपसर भागातील एका पंचवीस खाटांच्या रुग्णालयात इनचार्ज सिस्टर आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत आमचे बरेच कर्मचारी एकापाठोपाठ आजारी पडले होते. उद्या श्वसनमार्गाचा एखादा नवा विषाणू आला, तर निगेटिव्ह प्रेशरची (आतली हवा व्हरांड्यात जाऊ न देणारी) खोली नसलेल्या आमच्यासारख्या ठिकाणी तयारीची सुरुवात कुठून करावी?
– एक परिचारिका, हडपसर

उत्तर : सिस्टर, सुरुवात केसपेपरच्या खिडकीपासून करावी. २०१५ साली दक्षिण कोरियात परदेशातून आलेल्या एका प्रवाशापासून मर्स या श्वसनाच्या विषाणूजन्य आजाराची साथ सुरू झाली. तिच्यात १८६ जणांना लागण झाली, ३८ जण दगावले, आणि जवळजवळ सगळा प्रसार रुग्णालयांमध्येच झाला. गर्दीच्या तातडीच्या विभागात निदानाविना पडून राहिलेल्या एकाच रुग्णापासून ऐंशीच्या आसपास लोकांना संसर्ग झाला होता. म्हणून ताप आणि खोकला असलेल्या माणसाला इतरांच्या रांगेत उभे राहू न देता दारातच मास्क द्यावा, वेगळ्या बाकावर आणि शक्य असेल तर मोकळ्या हवेत बसवावे, आणि प्रवास, घरातील आजारी माणसे, कोंबड्या-जनावरांशी आलेला संबंध, तसेच तो स्वतः रुग्णालयात काम करतो का, हे तिथेच विचारून केसपेपरवर लिहून घ्यावे. हे काम करणारी व्यक्ती अनुभवी असावी. नव्याने रुजू झालेल्या मुलीला त्या टेबलावर एकटीला बसवू नये.

आता खोलीविषयी. इमारतीच्या टोकाची, बाहेरच्या भिंतीला खिडकी असलेली खोली निवडावी, दार बंद ठेवावे आणि खिडकीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवावा. तासाला बारा वेळा हवा बदलणे हे उद्दिष्ट धरले, तर दहा फूट बाय बारा फूट आणि दहा फूट उंचीच्या खोलीसाठी पंख्याने मिनिटाला किमान २४० घनफूट हवा प्रत्यक्ष बाहेर टाकली पाहिजे. पंखा लावल्यावर दाराच्या खालच्या फटीशी पेटती उदबत्ती धरावी. मात्र खोलीत ऑक्सिजन सुरू असताना असे कधीही करू नये. तेव्हा टिश्यू पेपरची पट्टी वापरावी. धूर किंवा पट्टी खोलीच्या आत ओढली गेली पाहिजे. व्हरांड्याकडे वळत असेल, तर ती खोली या कामाची नाही. पंख्याचे तोंड डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतील उभ्या पोकळ जागेत, उघडत असेल आणि त्याच डक्टमध्ये वरच्या वॉर्डाच्या खिडक्या असतील, तर आपण संसर्ग एका मजल्यावरून दुसऱ्यावर पाठवत आहोत, हे ध्यानात घ्यावे. पुण्यातील जुन्या इमारतींत ही अडचण फार वेळा येते. स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही. रुग्ण हलवल्यानंतर, वरील वेगाने हवा बदलत असल्यास सुमारे अर्धा तास थांबूनच सफाईला आत जावे.

एन-९५ मास्क कोणाला द्यायचे, याबाबत माझे मत ठाम आहे. खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला तो मिळाला पाहिजे, आणि त्यात फरशी पुसणाऱ्या मावशी व स्ट्रेचर ढकलणारे मामा आले. साठा अपुरा पडला की डॉक्टरांना एन-९५ आणि मावशींना कापडी मास्क, अशी वाटणी मी पाहिली आहे; ती अन्यायाची तर आहेच, शिवाय संसर्गाला वॉर्डाबाहेर वाट करून देणारी आहे. दाढी असेल, तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, हे पुरुष कर्मचाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

लागण पुष्कळदा पीपीई (संरक्षक पोशाख) उतरवताना होते, कारण तेव्हा माणूस घामाघूम आणि थकलेला असतो. आधी हातमोजे, मग गाऊन आतली बाजू बाहेर करत गुंडाळून, मग हात स्वच्छ, मग गॉगल मागच्या पट्ट्याला धरून. त्यानंतर खोलीबाहेर येऊन दार लावल्यावर मास्क. मास्कचा आधी खालचा पट्टा, नंतर वरचा, आणि समोरच्या भागाला बोटही लावायचे नाही. शेवटी पुन्हा हात. दुसऱ्या सहकाऱ्याने अंतरावर उभे राहून प्रत्येक पायरी मोठ्याने सांगावी. याचा सराव आजच, रुग्ण नसताना करून घ्यावा.

काळजी किती कडक ठेवावी, याचे उत्तर आजार कळत जातो तसे बदलते. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत विषाणूचे प्रमाण दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे रुग्ण खाटेवर असतानाच सर्वाधिक होई, आणि त्या साथीतील ८,०९६ रुग्णांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. कोविडमध्ये मात्र लक्षणे सुरू होण्याच्या सुमारासच रुग्ण सर्वाधिक संसर्गजन्य असे. नवा विषाणू यांपैकी कोणत्या वळणाचा आहे, हे पहिल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे हवेतून पसरणारा आजार समजून सुरुवात करावी आणि माहिती येईल तशी सवलत द्यावी.

प्रश्न : २०२१ मध्ये वडिलांसाठी आम्ही इंजेक्शने आणि प्लाझ्मा मिळवण्यासाठी शहरभर धावलो. पुढे त्यातील बऱ्याच गोष्टींचा उपयोग नव्हता असे वाचले. नवा आजार आला, तर डॉक्टर नेमके काय देतील आणि नातेवाइकांनी कशाचा आग्रह धरावा?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या धावपळीत आपला काही दोष नव्हता, चिठ्ठी हातात दिली गेली की कोणताही मुलगा धावणारच. प्लाझ्माची (बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातील द्रवाची) चाचणी आपल्याच देशात, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर केली होती, आणि त्याने आजार बळावणे किंवा मृत्यू कमी होत नाहीत, हे २०२० च्या अखेरीपूर्वीच प्रसिद्ध झाले होते. तरीही मार्गदर्शक सूचनांतून तो मे २०२१ मध्ये वगळला गेला. मधल्या काळात किती कुटुंबे रक्तपेढ्यांपुढे उभी राहिली, याचे मला आजही वाईट वाटते.

याच्या उलट उदाहरण डेक्सामेथासोनचे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीतून दिसले, की या स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले; ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र फायदा झाला नाही. पुढे हेच औषध गरज नसताना आणि जास्त मात्रेत दिले गेले, साखर अनियंत्रित राहिली, आणि म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) जे रुग्ण आपण पाहिले, त्यामागे ही मोठी कारणे होती. औषध तेच, रुग्णाची अवस्था वेगळी. म्हणूनच अनोळखी विषाणूत 'देऊन तर पाहू' ही भूमिका मला धोक्याची वाटते; नवे औषध द्यायचेच असेल, तर ते नोंदणीकृत चाचणीत, रुग्णाची संमती घेऊन द्यावे.

मग हाती काय राहते? पुष्कळ राहते. अहवाल येईपर्यंत इन्फ्लुएन्झाची (फ्लूची) शक्यता धरून त्यावरचे औषध ऑसेल्टामिविर, आणि जिवाणूजन्य न्यूमोनियाची शंका असल्यास प्रतिजैविक, हे लगेच सुरू करता येते व अहवाल पाहून थांबवता येते. ऑक्सिजनची पातळी वारंवार मोजणे, वेळेवर ऑक्सिजन देणे, शुद्धीवर असलेल्या रुग्णाला पोटावर झोपवणे, सलाईन बेताने देणे, आणि श्वासाचे कष्ट वाढत असतील तर मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा निर्णय न रेंगाळवणे, यांनी माणसे वाचतात. लहान रुग्णालयाला आपण एक प्रश्न जरूर विचारावा : ऑक्सिजन किती तासांचा आहे? हाय फ्लोचे (नाकातून मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारे) यंत्र पूर्ण ऑक्सिजनवर मिनिटाला ६० लिटरने चालवले, तर ७ घनमीटरचा जंबो सिलिंडर दोन तासही पुरत नाही.

प्रश्न : माझा दवाखाना लहान आहे. संशयित रुग्णाचा नमुना मीच घेऊन थेट पाषाणला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत पाठवावा का?
– एक डॉक्टर, भोसरी

उत्तर : थेट पाठवू नये. आधी महापालिकेच्या आरोग्य विभागाला दूरध्वनीने कळवावे. नमुना कुठे, कसा आणि कोणी घ्यायचा, ते ठरवतील. नमुना योग्य माध्यमात, थंड तापमानात आणि तिहेरी वेष्टनातच जायला हवा. एक वैद्यकीय मुद्दा लक्षात ठेवावा : न्यूमोनिया झालेल्या रुग्णाचा घशाचा नमुना निगेटिव्ह येऊनही फुप्फुसातील स्रावात विषाणू सापडू शकतो. त्यामुळे एका निगेटिव्ह अहवालावर विलगीकरण उठवू नये.

प्रश्न : विलगीकरणातील रुग्णाला घरचा डबा देता येईल का? आणि भेटता येईल का?
– एक गृहिणी, सदाशिव पेठ

उत्तर : डबा देता येईल. तो वॉर्डाच्या दाराशी द्यावा आणि आतून परत येणार नाही अशा भांड्यात द्यावा. भेटीबाबत रुग्णालयांनी केवळ नकार देऊन थांबू नये, असे मला वाटते. १८९७ च्या प्लेगमध्ये याच शहरात घरांत शिरून सक्तीने माणसे हलवली गेली आणि त्या धास्तीने लोक आजारी माणूस लपवू लागले. आजार लपला की साथ वाढते. रोज ठरलेल्या वेळी एकाच डॉक्टरने किंवा सिस्टरने घरी फोन करावा, रुग्णाला स्वतःचा मोबाईल जवळ ठेवू द्यावा, आणि प्रकृती अत्यवस्थ असल्यास एका निरोगी प्रौढ नातेवाइकाला पूर्ण पीपीई घालून, सिस्टरच्या देखरेखीखाली आत नेऊन आणावे. त्या नातेवाइकाचे नाव आणि फोन नंबर नोंदवून पुढील चौदा दिवस त्यांच्या तब्येतीची चौकशी करावी.